मठातली शेवटची जागा

फेस्टीने लोखंडी सळई गवतात खुपसली. हातभर गेली आणि शवपेटीच्या लाकडाला अडली. दोन पावलं सरकून त्याने पुन्हा खुपसली. या वेळी ती सरळ खाली गेली.

"एकाची जागा आहे," तो म्हणाला. गावातल्या कबरी तोच खणायचा. "एकाचीच."

मठाला छप्पर नव्हतं. आठशे वर्षांच्या भिंती तेवढ्या उभ्या होत्या. जिथे ख्रिस्ती साधू प्रार्थना म्हणत, तिथेच गावातली जुनी घराणी आपली माणसं पुरत आली होती. वेदीच्या डाव्या हाताला मॅनियनांची जागा.

ऐंशी वर्षांच्या कोलमन मॅनियनने टोपी काढली. शेजारी त्याची धाकटी बहीण डिंपना काठी टेकून उभी होती. बॉस्टनमध्ये पंचेचाळीस वर्षं काढून ती मागच्याच आठवड्यात घरी परतली होती.

"मी आईजवळ झोपायला आलेय, कोलमन. एवढ्यासाठीच आलेय."

"आणि मी? तिचं दुखणंखुपणं कुणी काढलं?"

"तू काढलंस. मी कुठे नाही म्हणतेय?"

"जो आधी जाईल त्याची जागा," फेस्टी मध्ये पडला. "गावाची रीतच आहे."

"म्हणजे शर्यत की!" डिंपना म्हणाली. "हा तर जन्मात कुठे वेळेवर पोचला नाही."

कोलमन हसला नाही.

"राख असेल तर दोघंही मावाल," फेस्टी जरा चाचरत म्हणाला. "राखेला वीतभर खड्डा पुरतो."

दोघांनीही छातीवर क्रूसाची खूण केली. मॅनियनांत आजवर कुणाला जाळलं नव्हतं.

खिडकीच्या रिकाम्या कमानीतून वारा आत आला. आईच्या दगडावरचं शेवाळ डिंपना नखाने खरवडत होती. बोटं गारठून निळी पडली, तरी ती थांबेना. कोलमन बराच वेळ पाहत राहिला.

"तू अख्खी झोप इथे," तो म्हणाला. "मला जाळा."

"वेड लागलंय का तुला? आणि तू आधी गेलास तर?"

"तर डबीत घालून फडताळावर ठेव. तू निघेपर्यंत थांबेन."

डिंपनाने डोळे पुसले. "मग तुला ठेवायचं कुठे?"

"तुझ्या पायाशी. लहानपणी एका खाटेवर झोपायचो तसं. तुझं डोकं तिकडे, माझं इकडे."

"रात्रभर लाथा मारायचास."

"राखेला कुठले आले पाय?"