तळ्याकडचा रस्ता

"लागले?" सासऱ्यांनी गाडीत बसल्या बसल्या खिडकीतून मान बाहेर काढून विचारलं.

"दोन्ही लागले," सूनबाई बॉनेटसमोरून म्हणाली. मग गॅरेजच्या भिंतीकडे वळून तिने तोंड वाकडं केलं. "पण जुन्यासारखेच लागलेत हो, बाबा."

बल्ब दोन्ही नवे कोरे होते. हाताचं तेल लागलं की बल्ब लवकर जातो, म्हणून तिने ते रुमालात धरून बसवले होते. "बल्ब आहे की तान्हं बाळ?" अशी सासऱ्यांनी तिची थट्टाही केली होती. आणि एवढं सगळं करून भिंतीवर पडलेला उजेड मात्र उरलेल्या चहासारखा, पिवळट आणि पातळ.

सासरे खाली उतरले. भिंतीजवळ जाऊन पाहिलं, मागे सरून पाहिलं, चष्मा पुसून पाहिलं. मग गाडीची किल्ली त्यांनी सुनेपुढे धरली.

"घे. दे तुझ्या नवऱ्याला."

"अहो बाबा, मलाही पिवळाच दिसतोय की उजेड!"

"जुन्या गाडीचा उजेड असाच असतो. आधी मला पुरायचा, आता पुरत नाही. दिव्यांना कशाला नावं ठेवायची?"

गेल्या आठवड्यात संध्याकाळी फाटकातून आत येताना त्यांनी जास्वंदीची कुंडी चिरडली होती. मुलगा रागावला नाही. अगदी हळू आवाजात म्हणाला, "बाबा, अंधार पडल्यावर आता गाडी नको. आईला गाण्याच्या क्लासवरून मी आणत जाईन." ओरडला असता तर त्यांनी चार गोष्टी सुनावल्या असत्या. त्या हळू आवाजापुढे त्यांचं काही चालेना. "आधी दिवे तरी बघू द्या," असं म्हणून सुनेने आजचा दिवस मागून घेतला होता.

गाडीचं त्यांना एवढं काही नव्हतं. पण सासूबाई उतारवयात गाणं शिकायला लागल्या होत्या आणि घरात लाजेपायी तोंड उघडत नव्हत्या. त्या गायच्या ते परतीच्या वाटेवर, गाडीच्या काचा वर करून, एकट्या नवऱ्यापुढे. त्यासाठी हा गृहस्थ तळ्याकडच्या लांबच्या रस्त्याने यायचा. त्या रस्त्याला दिवे नाहीत. वर्षभरापूर्वी त्यांनी गुपचूप बाजाराचा रस्ता धरला होता. तिथे दिवे होते आणि हॉर्नही होते. का, ते सासूबाईंनी विचारलं नाही. गाणं तेवढं बंद झालं.

सूनबाईने किल्ली घेतली नाही. चुकून कुठे रुमालाचे धागे चिकटलेत का, म्हणून ती दिव्याची काच पुसायला वाकली आणि तशीच थांबली. कोपऱ्यात नख अडकलं होतं. तिने जरा ओढलं, तर काचेचा पापुद्रा निघाल्यासारखं काहीतरी उचललं गेलं.

"अगं अगं, ते काढू नकोस!" सासरे धावलेच. "काच खराब होईल!"

"हे काय आहे, बाबा?"

"फिल्म आहे. गाडी घेतली त्याच दिवशी मी स्वतः लावली. ओरखडा पडायला नको म्हणून."

सुनेने डोळे मिटले आणि उघडले. या घरात रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत असतो. तिच्या लग्नात आलेल्या भिंतीवरच्या घड्याळाची पातळ झिल्ली अजून निघालेली नाही. वेळ बघायला जवळ जावं लागतं. फ्रिजच्या दारावरचं कव्हर काढल्यावर दोन दिवस अबोला झाला होता. हे सगळं तिला ठाऊक होतं. पण गाडी तिच्या आधी घरात आलेली, तिला वाटायचं हिच्या काचाच पिवळ्या.

ती घरात गेली आणि केस वाळवायचा ड्रायर घेऊन आली.

"एकच काढते. डावी. उजवी तुमच्या मर्जीवर."

गरम हवेने फिल्म मऊ पडली आणि कडेकडेने सुटत गेली. सासरे शेजारी उभे राहून "सांभाळून, सांभाळून" म्हणत होते. कुणी त्यांच्याच जखमेवरची पट्टी सोडवत असल्यासारखा चेहरा झाला होता त्यांचा. मग ते गाडीत बसले आणि दिवे लावले.

भिंतीवर उजवीकडे तोच शिळा चहा होता आणि डावीकडे लख्ख पांढरा उजेड.

सासरे आतून भिंतीकडे बघत राहिले. सूनबाई धास्तावली.

"दिसतंय का, बाबा?"

"त्या खिळ्याखाली कोळ्याचं जाळं आहे," आतून आवाज आला. "आणि पोपडे किती निघालेत गं या भिंतीचे! कुणाचं घराकडे लक्ष म्हणून नाही."

सूनबाई हसत सुटली. सासरे उतरले, तिच्या हातातला ड्रायर काढून घेतला आणि उजव्या काचेसमोर गुडघे टेकून बसले. इतक्या वर्षांची फिल्म त्यांनी घाईघाईने, दातओठ खात, तुकड्यातुकड्यांनी उपटली. एरवी त्या तुकड्यांचीसुद्धा त्यांनी घडी करून ठेवली असती. आज ते तिथेच पडू दिले.

मग त्यांनी शर्ट झटकला, आरशात बघून केस सारखे केले आणि गाडी मागे घेतली. फाटकातून बाहेर पडेपर्यंत नव्या कुंडीला धक्का लागला नाही.

"अहो, क्लास सुटायला वेळ आहे अजून!" सूनबाई मागून ओरडली.

गाडी थांबली. काच खाली झाली.

"असू दे. त्याला म्हणावं, जेवायला आमच्यासाठी खोळंबू नका. आम्ही तळ्याकडून येतोय."