झोपेतलं बोलणं

डॉक्टरबाई स्वप्नांचा अभ्यास करायच्या आणि झोपेतलं बोलणं टिपायला माणसांच्या गळ्यावर तारा चिकटवायच्या. माझ्या आईला जन्मापासून ऐकू येत नाही; ती हातांनी बोलते. “या काकू स्वप्नात काय बोलणार?” त्यांचे सहकारी हसले. बाईंनी मात्र तारा आईच्या बोटांना चिकटवल्या. आम्हा घरच्यांनाही हे कधी सुचलं नसतं. दुपारी आई झोपली आणि थोड्या वेळाने तिची बोटं भराभर हलू लागली. “काय म्हणताहेत?” बाईंनी हळूच विचारलं. “बाबांना म्हणतेय, स्वेटर घाला,” मी म्हणाले. बाबा जाऊन वर्षं लोटली होती. आईची भाषा त्यांना हयातभर जमली नाही. ते नुसतेच ओठ हलवायचे. जागी झाल्यावर आईने खुणांनी सांगितलं, “आज ते हातांनी बोलले.” “काय बोलले?” बाईंनी माझ्यामार्फत विचारलं. आई चक्क लाजली आणि तिने दोन्ही हात चादरीखाली लपवले.