दोघांचा दिवा

विदुला खांडेकरांनी गरम पाण्याची पिशवी समोरच्या खुर्चीत नीट टेकवून ठेवली, तिला शाल पांघरली, आणि खोलीतला दिवा लागला. त्यांना रोजच्यासारखी लाज वाटली, कारण नियम त्यांनीच आणला होता. त्या विद्यापीठाच्या पर्यावरण कक्षाच्या प्रमुख होत्या. खोलीत दोन माणसांची ऊब जाणवली तरच इमारत दिवा लावी, एकट्यासाठी नाही. वीज वाचेल आणि माणसं एकत्र बसतील, असं त्यांनी भर सभेत ठासून सांगितलं होतं.

वीज वाचली. विदुलाताईंकडे मात्र कोणी बसायला येईना.

समोरच्या गणित विभागात रोज संध्याकाळी एक खिडकी उजळलेली दिसे. तिथे तरी दोघं गप्पा मारत असतील! आज मनाचा हिय्या करून त्या तिकडे गेल्या आणि दार वाजवलं.

जहागीरदार सरांनी दार अर्धंच उघडलं. "या ना, मॅडम... म्हणजे, आत पाहुणे आहेत."

त्यांच्या खांद्यावरून विदुलाताईंना खुर्ची दिसली. खुर्चीत गुंडाळलेला मफलर होता, आणि मफलरमधून लाल रबरी पिशवीचं बूच डोकावत होतं.

"फारसं बोलत नाहीत ते," सर खाली बघत म्हणाले.

आपल्याकडेही असाच पाहुणा बसवलेला असतो, हे सांगायला विदुलाताईंची जीभ रेटेना.

"असू द्या. पुन्हा कधीतरी येईन. माझ्याकडेही पाहुणे खोळंबलेत."

त्या परतल्या तेव्हा पिशवी निवली होती आणि खोलीत काळोख होता.