काचेआडचा कागद

फलकाची काच सरकवून त्याने हातातला कागद दुसऱ्यांदा वाचला आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

'तक्रार क्रमांक सतरा. विभागप्रमुखांच्या आगामी ग्रंथातील संशोधन दुसऱ्याचे असल्याबाबत. सुनावणी गुरुवारी सकाळी अकरा वाजता, खोली क्रमांक नऊ. तक्रारदार गैरहजर राहिल्यास तक्रार रद्द समजली जाईल.'

विभागप्रमुख म्हणजे सर. तो कागद घेऊन तरातरा हेडक्लार्ककडे गेला.

"हे काय लावायला दिलंय मला?"

"कागद," हेडक्लार्क मान वर न करता म्हणाला.

"सरांच्या अब्रूचे वाभाडे चव्हाट्यावर, आणि तक्रार करणारा बुरख्यात! हा कुठला न्याय?"

"नियम आहे, मामा. तक्रारदाराला कोणी त्रास देऊ नये म्हणून. नाव सीलबंद पाकिटात. मलाही ठाऊक नाही. घरी पत्र नाही, फोन नाही. हातात फक्त क्रमांकाची चिठ्ठी. तो बोर्डावर लागला की यायचं."

"आणि दिसलाच नाही तर?"

"तुमच्या बोर्डावरचं कोणाला दिसलं नाही, असं सव्वीस वर्षांत झालंय का कधी?" हेडक्लार्क हसला. "लावा जाऊन."

ते खरंच होतं. व्याख्यानं, नाट्यस्पर्धा, वसतिगृहातली पाणीबंदी, विद्यापीठातली प्रत्येक घोषणा सव्वीस वर्षं त्याच्याच हातून लागत आली होती. मुलं त्याला बोर्डमामा म्हणत. काचेच्या दाराची किल्ली एकच, तीही त्याच्या कमरेला.

ही कमरेची किल्ली सरांमुळेच टिकली होती. एका पावसाळ्यात काच फुटून परीक्षेचं वेळापत्रक भिजलं, तेव्हा त्याला काढूनच टाकणार होते. सर मध्ये पडले. एवढंच काय, दोन वर्षांपूर्वी त्याच्या घरी येऊन चहाही पिऊन गेले. त्या माणसावर चोरीचा आळ? कोणातरी दिवट्या विद्यार्थ्याचं काम असणार. ज्या हातांनी शिकवलं, त्यांनाच चावायचं!

त्याने कागद लावला. चार कोपऱ्यांना चार टाचण्या, नेहमीसारख्या. मग शनिवारच्या ग्रंथप्रकाशनाचं मोठं रंगीत पोस्टर उचललं आणि बरोबर त्या कागदावर ठोकलं. टाचण्या अशा दाबल्या की अंगठा दुखला.

लावायला सांगितला होता, लावला. काच बंद करून त्याने किल्ली फिरवली.

संध्याकाळी जेवताना बायकोने नेहमीचा प्रश्न विचारला. "काय म्हणतोय बोर्ड?"

ही त्यांच्या घरची जुनी रीत. मुलगी लहान असताना गोष्टीऐवजी बोर्डच ऐकायची. ती लग्न होऊन गेली, रीत राहिली. त्याने ओळीने सगळं सांगितलं. वादविवाद स्पर्धा, रक्तदान, ग्रंथालय दोन दिवस बंद, शनिवारी सरांचं प्रकाशन.

"आणखी?"

"आणखी काही नाही."

"एखादा बारीकसा कागद?"

"अगं, बारीक असो की जाड, मी कधी एक तरी विसरलोय का?"

"तसं नाही हो," ती म्हणाली आणि ताटं उचलू लागली.

खिडकीतल्या फळीकडे त्याचं लक्ष गेलं. पहाटे गच्चीवर उभी राहून ती काहीबाही टिपायची. पक्ष्यांची शिरगणती, तो चिडवायचा. त्या वह्यांची चळत फळीवर असायची. आता नुसती फळी.

"रद्दीत घातल्यास वाटतं वह्या? सुटलो!"

"रद्दीत नाही, एका कामासाठी जमा केल्यात," ती म्हणाली.

मंगळवारी तिने पुन्हा विचारलं. बुधवारीही. बुधवारी तिची ठेवणीतली साडी इस्त्री होऊन दाराला टांगलेली होती.

"शनिवारची तयारी आत्तापासून?" त्याला बरं वाटलं. "विद्यापीठाच्या पत्रिकेत आलेले उतारे वाचलेस ना सरांचे?"

"वाचले."

"मग? आहे की नाही माणूस विद्वान?"

तिने साडीचा काठ सारखा केला. मग म्हणाली, "उद्याचं काही लागलंय का हो?"

"नाही म्हटलं ना!" तो खेकसला. त्या कागदाचा राग अजून डोक्यातून गेला नव्हता.

गुरुवारी चौकशी समितीचे तिघे खोली नऊमध्ये बारापर्यंत बसून राहिले. हेडक्लार्क फलकापाशी आला.

"कोणीच फिरकलं नाही, मामा. खोडली तक्रार."

"चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय! तोंड असेल तर येईल ना समोर!" तो इतक्या जोरात बोलला की जिन्यावरच्या मुली थबकल्या.

दुपारी त्याने पोस्टर वर करून आतला कागद उपटला, चार तुकडे केले आणि टोपलीत टाकले. चार दिवसांनी पहिल्यांदा त्याचा श्वास मोकळा झाला.

शनिवारी बायको समारंभाला आली नाही. डोकं दुखतंय म्हणाली. तो एकटाच गेला, शेवटच्या रांगेत उभा राहून हात लाल होईपर्यंत टाळ्या वाजवल्या आणि सरांच्या सहीची प्रत घेऊन घरी आला.

"घे! पक्ष्यांवरच आहे, तुझ्या आवडीचं. सरांनी आठवणीने दिलंय. चहाला आले तेव्हा तुझ्या वह्या महिनाभर वाचायला नेल्या होत्या ना!"

ती खुर्चीत बसली. मधलंच एक पान उघडून सावकाश वाचू लागली. "'टाकीच्या कठड्यावर आज खंड्या आला. दूधवाल्याची सायकल तेव्हा वळणावर होती.'"

मग तिने पुस्तक मिटलं. मिटलेल्या पुस्तकावर हात ठेवून ती पुढे म्हणत राहिली, "'जोडी होती. मादीच्या डाव्या पंखातलं एक पीस तुटलेलं. ती उडाली नाही, नुसती बघत राहिली.'"

त्याने पुस्तक ओढून घेतलं, ते पान शोधलं. शब्दही इकडचा तिकडे नव्हता.

ती उठली, दाराला टांगलेली साडी काढून नीट घडी केली. घडीतून एक छोटी चिठ्ठी काढून तिने त्याच्या हातात ठेवली.

"सोमवारी जरा नीट बघाल का हो बोर्डावर? माझा सतरा नंबर अजून कसा लागला नाही?"