सहजशिक्षण

तिने दार उघडले तेव्हा प्रकाशकांच्या खांद्यामागून मुख्याध्यापिकाबाईंचा चष्मा चकाकला, आणि तिच्या तोंडचे ‘या, या’ अर्ध्यावरच विरून गेले.

“या पलीकडच्या शाळेच्या मुख्याध्यापिका,” प्रकाशक जिन्याची धाप आवरत म्हणाले. “शाळेच्याच माणसानं पावती दिली, की शाळेविरुद्धचं पुस्तक हातोहात खपतं. काय, वहिनी?”

वहिनी काय बोलणार! गेले वर्षभर तिची मुलगी याच बाईंच्या वर्गात, दुपारच्या सत्राला, खिडकीजवळच्या बाकावर बसत होती. आणि ज्याच्यापासून हे लपवायचे तो तिचा नवरा आतल्या खोलीत आपल्या हस्तलिखिताची पाने लावत होता.

बाईंनी तिच्याकडे पाहिले. मग दारावरच्या पाटीकडे, मग पुन्हा तिच्याकडे.

“पहिल्यांदाच भेटतोय आपण,” त्या सावकाश म्हणाल्या. “बरं वाटलं.”

मुलगी पाळण्यात होती तेव्हाच त्याने ठरवले होते की ती शाळेची पायरी चढणार नाही. ज्ञान कुणी देत नसते, ते उगवते, असा त्याचा सिद्धांत. ते उगवत असताना दुधावर लक्ष कुणी ठेवायचे, धुणे कुणी पिळायचे, या किरकोळ बाबींसाठी त्याच्या ग्रंथात एकच शब्द होता : सहज. आई भाजी चिरता चिरता सहज अपूर्णांक शिकवते. कपडे वाळत घालता घालता सहज ऋतुचक्र उलगडते. हा शब्द पानोपानी इतक्या मोकळ्या हाताने पेरलेला होता, की लेखकाने आयुष्यात कधी भाजी चिरलेली नाही, हे सांगायला वेगळी तळटीप लागली नसती.

तिने प्रयत्न केला नव्हता असे नाही. एका सकाळी गाजराचे चतकोर समजावताना तिचे बोट कापले, त्याच क्षणी दूध उतू गेले, आणि भिंगरीने – मुलीला घरात याच नावाने हाक मारत – शांतपणे विचारले, “आई, हे पाव बोट गेलं की अर्धं?”

त्याच दिवशी बोटाला चिंधी बांधून ती बाईंसमोर जाऊन बसली होती. “घरी कळलं तर हिची शाळा सुटेल,” ती म्हणाली होती. “संध्याकाळपुरती नाही, कायमची.”

सोय आयतीच होती. दुपारी त्याला लेखनासाठी घर निःशब्द लागे, म्हणून शिवणाच्या कारखान्यात कामाला जाताना ती मुलीला सोबत नेई. निदान घरी तसे सांगितले जाई. गणवेश कारखान्यातल्या कपाटात राही. संध्याकाळी भिंगरीच्या वेणीवर कधी पांढरी भुकटी दिसे.

“शिंप्याचा खडू,” ती घाईने सांगे.

“अर्थात,” तो म्हणे, आणि हलक्या हाताने वेणी झटकी.

आता बैठकीच्या खोलीत पडद्यातून गाळलेले ऊन पसरले होते. पाण्याखाली असावे तसे सगळे संथ आणि हिरवट भासत होते. कपबशा वाजत होत्या, पण फार लांब कुठेतरी. भिंगरी आतून धावत आली, तिने बाईंना पाहिले, आणि स्प्रिंग सुटावी तशी ती ताठ उभी राहिली.

“न… म… स्का… र बा… ई!”

अख्ख्या वर्गाने एका सुरात म्हणायची ती लांबलचक चाल एकाच चिमुकल्या गळ्यातून निघाली, खोलीभर तरंगली आणि पडद्याशी जाऊन थांबली. आपल्या पायांखालची फरशी अलगद दूर वाहत चालली आहे, असे आईला वाटले.

“चाल ऐकलीत?” तिचा नवरा प्रकाशकांकडे वळला. “कुणीही शिकवलेली नाही. आदराला स्वतःचं संगीत असतं, ते मुलाला आतूनच सुचतं.”

“वा!” प्रकाशक म्हणाले. “हे मलपृष्ठावर टाकू.”

बाईंना अचानक खोकला आला. तो आवरल्यावर त्यांनी अपूर्णांक विचारले, नद्या विचारल्या, एक कविता म्हणायला लावली. भिंगरीचे कुठेही अडले नाही. शेवटी ती म्हणाली, “आता खाली बसू?”

“पाहा, स्वतःहून परवानगी मागते,” तो म्हणाला. “खऱ्या स्वातंत्र्याचं हेच लक्षण.”

जे नाही ते इतके लख्ख दिसणाऱ्या माणसाला जे आहे ते कधीच दिसू नये, एवढेच आईने मनात मागितले.

“आणि काय गं,” प्रकाशकांनी पुढे झुकून विचारले, “तुला हे सगळं शिकवतं कोण?”

ऊन जागच्या जागी थबकले. भिंगरीने बाईंकडे पाहिले, मग आईकडे.

“कुणी नाही, काका. आपोआपच येतं.”

एवढे मात्र ती घरीच शिकली होती.

“पाया पक्का आहे,” बाई उठत म्हणाल्या. त्यांच्या आवाजातला अभिमान लपता लपत नव्हता. “मी लिहून देईन तसं.”

पावले जिन्याने उतरत गेली. भिंगरी गच्चीवर पळाली. आई दाराला टेकून उभी राहिली. उद्याची दुपार शाबूत होती. परवाचीही. अंगातून काहीतरी कोमट, झोपेसारखे पसरत गेले.

“चांगल्या वाटल्या बाई,” ती जपून म्हणाली.

“आहेतच.” तो पाने एकावर एक रचत होता. “प्रकाशक दुसऱ्याच शाळेतल्या कुणाला तरी आणणार होते. मीच यांचं नाव सुचवलं. स्वतःच्याच वर्गात शिकवलेल्या मुलीला कोण नापास करतं?”