सागाची चाळीस कोरी वलयं

सागाच्या आतल्या वलयांत दर तीन वर्षांनी आगीचा एक बारीक काळा डाग होता. बाहेरच्या चाळीस वलयांत एकही नव्हता. झाड न कापता आतलं दाखवणारी काच वनाधिकारी शर्वरीने मोह वेचणाऱ्या फुलकायच्या हातात दिली.

"आम्ही मोहाखालचा पाला जाळायचो, ते झाडानं लिहून ठेवलंय की!" फुलकाय हसली. "तुमची बंदी आली नि पाला गुडघाभर झाला. आता पेटला तर गाव जाईल, मॅडम."

"आणि पलीकडचा उतार?"

"तो ओलसर. तिथं आग कधी गेलीच नाही."

शर्वरीने काच तिकडच्या सागाला लावली. खोड आतून कोरं होतं, फुलकाय म्हणाली तसंच. गाव पाला जाळायची परवानगी मागत होतं आणि तीन वर्षं ती टाळत आली होती.

"मावशी, उद्या सकाळी दंव ओसरलं की पाला जाळू या," ती म्हणाली. "काडी तुम्हीच लावा."