बुलेट वळणावर आली की

किल्ली उलटी घातली म्हणून दाराचं लॅच उघडेना. विलासरावांनी ती काढून सुलटी घातली. स्वतःच्या घराला किल्ली लावायची त्यांच्या हाताला सवयच नव्हती. इतकी वर्षं ते खाली गाडी लावून तिसऱ्या मजल्यावर येईपर्यंत दार सताड उघडं असायचं आणि आत चहा उकळत असायचा. वैजयंती आपली वाट बघत असते, असं त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. धरून मात्र चालले होते.

बुलेट विकली आणि दार बंद राहायला लागलं. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी किक मारायची नाही म्हणून बजावलं. नव्या बुलेटला बटण असतं, हे सगळ्यांनी सांगून पाहिलं. "बटण दाबून मिक्सर चालू करतात," असं म्हणून विलासराव रागारागाने बॅटरीवरची स्कूटर घेऊन आले. ती इतकी गुपचूप चालायची की खांदेश्वरच्या त्या सोसायटीत गेट उघडायला वॉचमनला हाक मारावी लागे. पार्किंगमध्ये बुलेटच्या तेलाचा काळा डाग अजून होता. स्कूटर ते त्याच्या बाजूला लावत, त्याच्यावर नाही.

आज मात्र त्यांचं ठरलं होतं. बुलेट घेणारी ऋता, महाप्याच्या कंपनीत नोकरीला असलेली मुलगी, संध्याकाळी गाडीची दुसरी किल्ली न्यायला येणार होती. पोरगी चांगली होती. पहिल्याच दिवशी टाकीवर हात फिरवून "काका, हिला काय हाक मारता हो तुम्ही?" असं विचारलं होतं तिने. तरी तिला सांगायचं, माझी गाडी मला परत दे. किक कोणीही मारून देईल. लिफ्टमध्ये वाक्य पाठ करूनच ते वर आले होते.

दार उघडून ते चपलांच्या रॅकवर बूट काढायला बसले. पडद्याच्या फटीतून हॉल दिसत होता.

वैजयंती सोफ्यावर रेलली होती. दोन्ही पाय टीपॉयवर. मांडीवर भाजलेल्या शेंगा, आजूबाजूला टरफलं. टीव्हीवर काहीतरी चाललं होतं आणि ती हसत होती, डोळ्यांत पाणी येईस्तोवर, आवाज काढून. हे हसू विलासरावांच्या ओळखीचं नव्हतं. आतल्या खोलीत अभिराम गाणं म्हणत होता. एवढा नोकरीला लागलेला मुलगा, तो गातो हे त्याच्या बापाला माहीत नव्हतं. बरा गात होता.

खाकरायला हवं होतं. ते खाकरले नाहीत. एक बूट हातात घेऊन बसून राहिले.

तेवढ्यात खालून, वळणावरून, आवाज आला. धड्. धड्. धड्.

टीव्ही बंद झाला. पाय खाली आले. टरफलं ओंजळीत आणि ओंजळ डब्यात गेली. आतलं गाणं अर्ध्या ओळीत थांबलं, खुर्ची सरकली. लायटर टकटकला, चहाचं आधण चढलं. कोणी कोणाला काही सांगितलं नाही. गाडी गेटपासून पार्किंगपर्यंत पोचेस्तोवर सगळं घर घडी घातल्यासारखं झालं.

केस सारखे करत वैजयंती दार उघडायला आली आणि रॅकवर बसलेले विलासराव बघून दचकली.

"अगं बाई! तुम्ही आत? मग खाली कोण आलंय?"

"मी नाही," विलासराव म्हणाले.

तिने दाराकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं, उकळत्या चहाकडे मान वळवली. "सवय हो मेली," म्हणून हसली. हे हसू त्यांच्या ओळखीचं होतं.

लॅपटॉप हातात घेऊन अभिराम बाहेर आला. "बाबा घरातच आहेत? मग मी कशाला उठलो?" आणि जीभ चावून परत आत गेला.

"वैजू," विलासराव बुटाकडे बघत म्हणाले, "मी एवढा कडक होतो का गं?"

"तुम्ही कुठले! गाडीच मेली आवाज करायची."

बेल वाजली. ऋता आली ती हेल्मेट काखेत घेऊन, बोलतच. "काका, काय गाडी आहे हो! सिग्नलला माणसं काच खाली करून विचारतात, देणार का म्हणून. नव्याकोऱ्या गाड्या बाजूला उभ्या असतात, त्यांच्याकडे कुणी बघत नाही. आणि माझी आई तर इतकी खूष आहे. म्हणते, बरं झालं बाई, तू कोपऱ्यावर आलीस की आम्हाला कळतं."

वैजयंतीने चहा गाळता गाळता वर पाहिलं नाही.

विलासरावांनी खिशात हात घातला. किल्ली हाताला लागली. पाठ केलेलं वाक्यही तिथेच कुठेतरी होतं.

"जरा उभी राहिली की गार पडते ती," ते म्हणाले. "पहिल्या दोन किक वाया जातात. तिसरीला उठते. चिडायचं नाही तिच्यावर." आणि त्यांनी किल्ली तिच्या हातावर ठेवली.

त्यांच्या वाटणीचा चहा ऋता पिऊन गेली. विलासराव हॉलमध्ये येऊन सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला बसले. पायाने टीपॉय वैजयंतीकडे सरकवला.

"लाव की टीव्ही. एवढं हसण्यासारखं काय होतं?"

"तुम्हाला नाही आवडायचं."

"बघू तर."

तिने टीव्ही लावला. त्यांच्याकडे एकदा बघून घेतलं आणि पाय हळूच वर ठेवले.

खाली तिसऱ्या किकला बुलेट उठली. धड्. धड्. वैजयंतीचे पाय आपसूक खाली आले.

दोघांनी त्या पायांकडे पाहिलं. आवाज गेटमधून बाहेर पडला, वळणावर गेला, स्टेशनच्या बाजूला बारीक होत होत विरला. त्यानंतरही थोडा वेळ गेला. मग तिने एक पाय वर ठेवला. मग दुसरा.